खालच्या माणसाचा वाटा

३ मार्च

खालचे पेंटर यांस,

वरच्या पेंटरचा दंडवत. दंडवत मी हल्ली आडवा पडूनच घालतो, तेव्हा हा खराखुरा समज.

बसला आहेस ना? मग ऐक. मला नोकरी लागली! फोन का नाही केला म्हणशील. आपलं ठरलंय ना, फोनवर तुला हुंदका येतो आणि मला राग येतो, त्यापेक्षा कागद बरा. पाण्याचे पंप बनवणारी कंपनी आहे. केवढं मोठं ऑफिस, काचेचं दार, आत गारेगार हवा. माझं टेबल दारापाशीच आहे. घरून न्यायला गाडी येते, तिला मागून उतार आहे, चाकांच्या खुर्चीसकट मी आत. आणि महिन्याच्या महिन्याला पगार! एवढी वर्षं आपण भिंती रंगवल्या, मी वर लटकून, तू खालून ओरडून, पण पहिली तारीख कशाशी खातात ते आपल्याला कधी कळलं का?

तुझ्या वहिनीचा चेहरा बघायला हवा होतास. ज्या दिवशी मी पडलो त्या दिवसापासून बाईच्या कपाळावर एक आठी बसली होती, ती त्या संध्याकाळी गेली. तीन वर्षं तिच्या शिलाई मशीनवर घर चाललं. मी पडलो तेही कसा, बघ ना. चार-चार मजल्यांवर दोराच्या फळीवर बसून अक्षरं काढली, कधी खरचटलं नाही. आणि पडलो घरातल्या माळ्यावरून, रजयांची ट्रंक काढताना. एखाद्या मालकाच्या भिंतीवरून पडलो असतो तर भरपाई मागता आली असती. ट्रंकेकडे काय मागणार!

गाडी रोज दातांच्या डॉक्टरच्या भिंतीसमोरून जाते. अरे, आपण रंगवलेला दात अजून तिथे आहे! रंग उडालाय, पण दात घट्ट. आठवतंय? तुझा घसा बसला होता, एक शब्द फुटत नव्हता, आणि तू रस्त्यापलीकडून छत्रीनं खुणा करत होतास. तू ‘पुरे’ म्हणून छत्री हलवत होतास आणि मी समजत होतो ‘अजून’. त्या दाढेला एक मूळ जास्त झालं, आणि डॉक्टरला शेवटपर्यंत पत्ता नाही. काल ती दाढ बघून मी गाडीत एकटाच हसलो. ड्रायव्हरला वाटलं मला काहीतरी होतंय, त्यानं गाडी थांबवली.

मुलीकडे रमलास ना? नातीला माझा पापा.

तुझा,
वरचा

१५ मार्च

प्रिय वरच्या,

पत्र वाचून इतका आनंद झाला की मी दोनदा चहा केला. एक माझा आणि एक तुझ्या नावाचा. दोन्ही मीच प्यालो.

पण एक सांग, तू त्या ऑफिसात करतोस काय? चार पानं लिहिलीस. गाडी कशी, हवा कशी, दार कसं, सगळं आलं. कामाचं अक्षर नाही. मी आपला खालून बघणारा माणूस, मला जे राहिलंय तेच आधी दिसतं. रागावू नकोस.

माझं ऐक. मी परत कामाला लागलोय. थट्टा नाही. इथे लोकांना ती छापलेली प्लॅस्टिकची कापडं नकोशी झालीत. लहान पाट्या अजून मशीनवरच निघतात, पण मोठ्या भिंती पुन्हा हातानं रंगवून मागतात. आपली जुनी भिंत कुणीतरी पाहिली, माझा पत्ता काढला, आणि एकामागून एक कामं यायला लागली. वर कोण चढतं? मी. हस, हस पोटभर. आता दोराची फळी नसते रे, चाकांची उंच पालखी भाड्यानं मिळते, लोखंडी, चारी बाजूंनी कठडा. लहान मूलही चढेल. तसाच मीही चढतो.

पण वर गेलं की मला अक्षर दिसत नाही, नुसता रंग दिसतो. तू कायम म्हणायचास ना, भिंतीला नाक लावून काम केलं की माणूस आंधळा होतो? ते मला आता कळलं. मला खालचा माणूस हवाय. रस्त्यापलीकडे बसायचं आणि सांगायचं. वहिनींना घेऊन इकडे ये. आपलं ठरलेलंच, अर्धं तुझं, अर्धं माझं.

भिंतीखाली उभं राहून मी अजून मान वळवतो, तू वरून काहीतरी वाईट बोलशील म्हणून. कोणी बोलत नाही. फार चुकल्यासारखं होतं.

तुझा,
खालचा

२ एप्रिल

खालचे पेंटर यांस,

नीट वाच, मोठ्यानं लिहितोय.

मला दया नको. तीन वर्षं ती मला सगळ्या चवींची मिळाली आहे. दवाखान्यातली गोड, नातेवाइकांची आंबट, शेजाऱ्यांची तर फुकट. तू तरी त्या रांगेत उभा राहू नकोस.

मी काय करतो म्हणून विचारलंस ना? काही करत नाही. झालं समाधान? या कंपनीला माझ्यासारखी थोडी माणसं ठेवावी लागतात, नियम आहे. म्हणून मला ठेवलंय. पहिल्या दिवशी माझा फोटो काढला, सगळे हसत होते, मीही हसलो. टेबलावर एक फोन आहे, त्याची वायर कुठेच जात नाही. खाली वाकून बघता येत नाही, म्हणून हे कळायलाच मला आठवडा लागला. शेजारी एक कुंडी आहे. तिला पाणी घालतो म्हटलं, तर एक मुलगी धावत आली, ‘काका, तुम्ही कशाला त्रास घेता?’ कुंडीला पाणी घालायला वेगळा माणूस आहे. त्याचा मला हेवा वाटतो.

तर असं आहे. सकाळी जायचं, दारापाशी बसायचं, थोड्या थोड्या वेळानं हातांवर भार देऊन बूड उचलायचं, नाहीतर कातडी फाटते आणि मला कळतही नाही. संध्याकाळी परत. पहिली तारीख आली की पगार. माझं सगळं आयुष्य मी काम करून पैसे मिळवले, आणि कधी कधी काम करूनही बुडाले. काम न करता मिळालेले पैसे हातात घेताना काय वाटतं ते तुला नाही कळणार. पण पैसे खरे आहेत. त्यांत लघवीच्या नळ्या येतात, औषधं येतात, आणि तुझ्या वहिनीला रात्रंदिवस मशीन मारावं लागत नाही.

आणि आता तुझं. खालच्याचं काम हे काम असतं का रे? ही गोष्ट मीच तुला जन्मभर ऐकवली. ‘मी लटकतो आणि तू ओरडण्याचे अर्धे पैसे घेतोस,’ असं चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणायचो मी. आणि आज तू मलाच त्या जागेवर बसवतोस, ओरडण्याचे पैसे देतो म्हणतोस! इथे दारापाशी बसून फुकटचा पगार घेतो तो काय कमी आहे, की तुझ्याकडे रस्त्यापाशी बसून घेऊ?

या विषयावर पुन्हा लिहू नकोस. नातीचं लिही.

वरचा

२० एप्रिल

भाऊजी,

नमस्कार. मी कधी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. हे झोपलेत म्हणून लिहितेय, आणि ह्यांना कळू देऊ नका.

तुमची पत्रं आली की हे वाचतात, फेकून देतात, आणि मग मला उचलून द्यायला लावतात. सगळी उशीखाली आहेत. तुम्हाला रागानं लिहिलं ते मला वाचून दाखवलं. पण खरं कारण ह्यांनी लिहिलं नाही. ह्यांना ओरडताच येत नाही.

मार छातीच्या पातळीला बसला ना, त्याखालचं अंग साथ देत नाही. हात चांगले आहेत, डोकं तर तुम्ही जाणताच. पण श्वास पुरत नाही. खोकला आला तर पोटावर मला दाबावं लागतं, तेव्हा कुठे सुटतो. ह्यांनी रंगकाम घरी बसून करून बघितलं. हात पुढे केला की तोल जातो, पट्टा बांधला तर हात पोचत नाही. तुमचं पत्र आल्यावर एक दिवस हे खिडकीत बसले आणि समोरच्या इमारतीच्या माणसाला हाक मारायला लागले. कशाला, तर उगाच. आवाज आमच्या कुंपणापर्यंतही गेला नाही. पुन्हा मारली. तो माणूस आपला कपडे वाळत घालत राहिला. मग ह्यांनी खिडकी लावून घेतली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, भाऊजी, तुमच्यापाशी काय लपवायचं.

तुमच्याकडच्या कामाला नियम नाही. आज आहे, उद्या नाही. हा पगार आला म्हणून मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा डोळ्यांचा नंबर तपासून घेतला. ह्यांना ऊनही सोसत नाही, छातीखाली घाम येत नाही, अंग तापतं. तुम्ही जीव लावून बोलावता, पण बोलावणं आलं की ह्यांना जे जमत नाही तेच समोर उभं राहतं. म्हणून हात जोडून मागते, तुम्हाला दुसरा माणूस मिळाला असं लिहून टाका. म्हणजे विषय संपेल.

तुमची,
वहिनी

१ मे

प्रिय वरच्या,

तू म्हणालास तसं, विषय सोडला. आणि आता गरजही नाही. मला खालचा माणूस मिळाला. निवृत्त बस कंडक्टर आहे. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली बस थांबावी. स्वभावानं चांगला आहे. चहा बिनसाखरेचा घेतो. आमचं छान जमतं.

तेव्हा तू तुझ्या ऑफिसात सुखानं राहा. पगार हा पगार असतो. वहिनींनाही आराम आहे.

बर्फाच्या कारखान्याची भिंत नुकतीच पुरी झाली. केवढी भिंत म्हणतोस! तिचा फोटो सोबत ठेवलाय. तुला आवडेल.

नातीचा दात पडला. तिला मी आपल्या दाढेची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, ‘त्या डॉक्टरनं ती उपटली का नाही?’

हवा बरी आहे. आणखी काय लिहू.

तुझा,
खालचा

१४ मे

खोटारड्या,

फोटो मिळाला. आधी हसलो. मग तुझ्या वहिनीचं सुईत दोरा ओवायचं भिंग घेऊन बघितला. मग हसू पळालं.

तुझा कंडक्टर काय डोळे मिटून उभा होता? पहिली ओळ उजवीकडे उतरलीय. थोडी नाही, बर्फ ठेवला तर घसरून रस्त्यावर येईल. वरची अक्षरं खालून बुटकी दिसतायत. म्हणजे तू पट्टी लावून ती खालच्या ओळीएवढीच काढलीस. अरे गाढवा, वरची नेहमी वाढवून घ्यायची, हे तूच मला पहिल्या वर्षी खालून ओरडून ओरडून शिकवलंस! ज्या भिंतीखाली माणूस उभा आहे तिच्यावर ही चूक होतच नाही. पहिल्या अक्षरालाच तो बोंब मारतो. तुला माणूसबिणूस कोणी मिळालेला नाही.

दुसरं. प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर अंग चोरून उभं आहे. इतर अक्षरांची पोटं तुझ्या हातची, गरगरीत. शेवटचं मात्र वाळलेलं. का ते मला कळलं, आणि कळल्यावर मी फोटो पालथा घालून ठेवला. तू डावा हात कठड्यावरून सोडत नाहीस. एका हातानं कठडा घट्ट धरतोस, दुसरा ताणून लांबवतोस, आणि जिथे हात पोचत नाही तिथे अक्षर मरतं. लहान मूलही चढेल म्हणे! घरातला दिवा बदलायला शेजाऱ्याला हाक मारणारा तू. त्या उंचीवर एकटा कसा रे उभा राहतोस?

आता एक सांगतो, ते मी टपरीवर कधीच सांगितलं नाही. मीही घाबरायचो. वारा सुटला आणि फळी हलली की मीही दोर घट्ट धरून बसायचो. मग खालून तुझा आवाज यायचा, ‘डावं वर घे, आंधळ्या!’ आणि फळी एकदम घरच्या जमिनीसारखी वाटायची. मी कुठे आहे ते मला माहीत नसायचं, पण कोणालातरी माहीत आहे एवढं पुरायचं. तू अक्षरं सांभाळत होतास असं लोकांना वाटायचं. मला सांभाळत होतास. ते अर्धे पैसे तुझे होते, एकेक पै तुझी होती. चिडवलं ते चिडवलं, त्याशिवाय दिवस गेला नसता.

ती संध्याकाळ आठवते? साबणाची मोठी भिंत संपली होती आणि आपण पलीकडच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तू नोटांचे दोन ढीग केलेस आणि नेहमीसारखं मला आधी उचलायला सांगितलंस. हातांना टर्पेंटाइनचा वास होता, नोटांना तो लागला, घरी बायको म्हणाली, पैसेसुद्धा रंगवून आणले का. पगाराच्या पैशांना कसलाच वास येत नाही रे. बँकेत येतात आणि बँकेतून जातात.

मला यायचंय. हे एकदाच लिहितो. मला रस्त्यापलीकडे बसून तुझी चुकलेली ओळ सरळ करायचीय आणि संध्याकाळी माझा ढीग उचलायचाय. पण मला ओरडता येत नाही. तुला हे कळलंय, आणि कोणी कळवलं तेही मला समजलंय. नाहीतर तू इतकं वाईट खोटं बोलायला कशाला बसला असतास! तिला काही बोलू नकोस, तिचं चुकलेलं नाही.

तेव्हा खरोखरचा माणूस शोध. नाहीतर खाली उतर.

वरचा

२ जून

भाऊजी,

मागचं पत्र मी परत घेते.

काल हे ऑफिसला गेले आणि बसायची हवेची गादी घरीच राहिली. ड्रायव्हर बदली होता, त्यानं साध्या उशीवर बसवलं. त्या गादीशिवाय दिवसभर बसले तर जखम होते आणि महिनोन्‌महिने भरत नाही, म्हणून मी घेऊन धावले. ह्यांचं ऑफिस मी पहिल्यांदाच बघत होते. काचेच्या दारातून आधी ह्यांची पाठ दिसली.

आतून दोघं जण मोठं खोकं घेऊन येत होते. वाट अरुंद होती. एकानं खोकं खाली ठेवलं, ह्यांच्या खुर्चीचा ब्रेक काढला, आणि खुर्ची बाजूला सरकवली. विचारलं नाही. तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. मग कुंडीही सरकवली. खोकं गेलं, कुंडी परत जागेवर ठेवली, ह्यांना ठेवायचं विसरले. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. ज्या माणसाच्या तोंडाला भर बाजारात लोक भ्यायचे, तो माणूस गप्प बसला होता.

मी आत जाऊन गादी बदलली. मला बघून हसले, म्हणाले, ‘आज फार काम आहे.’

घरी येताना मी विचार केला. पगार जाईल, मशीन पुन्हा मारावं लागेल. मारीन. मशीन तिकडेही चालतं. पण रोज संध्याकाळी हा हसरा चेहरा माझ्यासाठी घालून येतात हे आता मला बघवणार नाही. आवाजाचं काय करायचं ते तुम्ही दोघं बघा. एवढी वर्षं एकत्र काम केलंत, काहीतरी सुचेल की नाही? ह्यांना मी अजून बोलले नाही. तुम्ही लिहा. माझं ऐकलं तर माझ्यासाठी केल्यासारखं होईल, तुमचं ऐकलं तर कामासाठी.

वहिनी

११ जून

प्रिय वरच्या,

खोटं बोललो. कंडक्टर नाही. बिनसाखरेचा चहाही मीच सुरू केलाय, मुलगी देत नाही साखर.

तुझं पत्र मी बर्फाच्या भिंतीखाली बसून वाचलं. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि वर बघितलं. अरे देवा! उतरलीय रे ओळ. पार उतरलीय. मालक भला माणूस, बोलला नाही, पण गेले पंधरा दिवस दुसऱ्या दारानं येतो-जातो. त्याला सांगून टाकलं, पुन्हा रंगवून देतो, माझ्या खर्चानं. म्हणजे या भिंतीत आपल्याला काही सुटणार नाही, हे आधीच ऐकून ठेव. पुढच्या भिंतीपासून कमाई.

आता तुझ्या आवाजाचं. तुझी अक्कलही त्या ट्रंकेबरोबर पडली काय? माझा घसा बसला होता त्या दिवशी मी तुला एका शब्दाशिवाय दिवसभर चालवलं की नाही? दाढेला एक मूळ जास्त झालं, पण माणूस पडला नाही. वर फोन धरायला माझा हात मोकळा नसतो, तेव्हा छत्री घेऊन ये. या वेळी आधी ठरवू, उघडी म्हणजे अजून, मिटलेली म्हणजे पुरे. दुसरी मोठी तुझ्या डोक्यावर, उन्हाची. पाण्याची फवारणी करायची बाटली वहिनींनी सांगितली तीही आणली आहे. छत्रीनं सांगता येणार नाही असं काही असलं तर चिठ्ठी लिही, रंगाचा डबा दोरानं वर येतोच, त्यात टाक.

वहिनींकडून फोनवर खुर्चीची रुंदी मागवली आणि खालच्या मजल्यावरची खोली घेतली. न्हाणीघराचं दार खुर्चीपेक्षा बोटभर अरुंद निघालं. सुतारानं ते काढून रुंद बसवलं. पायरी होती, तिथे उतार केला. त्या उतारावर नात दिवसभर घसरते, तू येईपर्यंत शिल्लक राहिला तर तुझा.

मी पगार देणार नाही. तेवढी ऐपत नाही आणि तसा विचारही नाही. काम मिळालं तर अर्धं, नाही मिळालं तर अर्धा उपास. ओळ उतरली तर लोकांच्या शिव्याही अर्ध्या. दया करायची असती तर मी तुला पैसे पाठवले असते आणि स्वतः खाली उतरून गप्प बसलो असतो. मला या वयात वर चढायची हौस नाही. पण कोणालातरी चढायलाच हवं, आणि तुला आता ते जमणार नाही. म्हणून मी चढतो. तू मला सांभाळ.

डाव्या हाताचं तू म्हणालास ते खरं आहे. मी प्रयत्न करतो. सुटत नाही.

लवकर ये. भिंत वाट बघतेय, आणि मीही.

तुझा,
जो अजून खालचाच आहे

१८ सप्टेंबर
बर्फाच्या कारखान्यासमोर, सकाळ

वरचे पेंटर यांस,

ही चिठ्ठी कारखान्याचा वॉचमन डब्यात टाकतोय. छत्रीत एवढं मावत नाही.

पहिलं अक्षर सुंदर. दुसऱ्याचं पोट कमी कर, जेवून आल्यासारखं दिसतंय. ओळ अजून सरळ आहे. मी मघाशी छत्री मिटली तरी तू रंगवतच होतास. मिटली म्हणजे पुरे! आणखी एक दाढ व्हायला नकोय.

इथे माझ्या मागे सायकलवाल्याचं दुकान आहे. मालक बाहेर आला, मला बघितलं, म्हणाला, ‘काका, उन्हात का बसलात? आत सावलीत नेऊ का?’ आणि खुर्चीला हात घातला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, ‘हलवू नका. मी कामावर आहे.’ तो म्हणाला, ‘काय काम करता?’ मी छत्रीनं वर दाखवलं. म्हटलं, ‘त्याला जे दिसत नाही ते मी बघतो.’ त्यानं वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन दोन कप चहा सांगितला. एक तुझ्या नावाचा आहे, तो मी पितो.

आता डाव्या हाताचं. इथून मला सगळं दिसतं. पालखीची चाकं अडकवली आहेत, मी स्वतः तपासली. वारा नाही. कठडा तुझ्या कमरेच्या वर आहे. तू ओळीच्या शेवटी आला आहेस आणि हात पुरत नाही. सोड तो कठडा. एक पाऊल उजवीकडे टाक आणि अक्षर भरून काढ, अंगासकट. खाली बघू नकोस, बघायचं काम माझं आहे.

बायकोनं विचारलंय, संध्याकाळी काय आणाल. मी म्हटलं, या भिंतीत काही सुटणार नाही, ही आपल्या खर्चाची. पण टर्पेंटाइनचा वास आणीन. पुढच्या भिंतीपासून अर्धे.

सोडलास? शाब्बास.

तुझा,
खालचा